हॅम्लेटला कॅमेऱ्यासमोर कसं उभं करतात

शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मध्ये पहिल्याच अंकात मेलेल्या राजाचं भूत मुलाला गाठतं. मला साप चावला नाही, ते सांगतं. बागेत झोपलो असताना माझ्या सख्ख्या भावाने कानात विष ओतलं. आता तोच गादीवर आहे आणि तुझी आई त्याची राणी आहे. सूड घे. इथपासून पाचव्या अंकाच्या अगदी शेवटापर्यंत मुलाच्या हातून तो सूड घेतला जात नाही. तो वेडाचं सोंग घेतो, आईला दुखावतो, प्रेयसीला झिडकारतो, चुकीच्या माणसाचा जीव घेतो, आणि स्वतःशी बोलत राहतो.

नाट्यगृहातला प्रेक्षक ही दिरंगाई आनंदाने सोसतो. तो तिकीट काढून आलेला असतो, अंधारात बसलेला असतो, समोर नट जिवंत उभा असतो. घरातल्या टीव्हीपुढे दिवे चालू असतात, मध्येच दाराची बेल वाजते आणि रिमोट हाताशी असतो. तरीही या नाटकाची टीव्हीरूपं पुन्हा पुन्हा झाली आणि त्यातली काही उत्तम झाली. याचं कारण नाटकाच्या रचनेतच आहे असं मला वाटतं. डेन्मार्कमधल्या एल्सिनोरच्या राजवाड्यात जो तो दुसऱ्यावर पाळत ठेवून आहे. मंत्री पोलोनियस आपल्या मुलामागे, लेआर्टीसमागे माणूस लावतो, मुलीला पुढे करून आपण आडोशाला उभा राहतो, शेवटी पडद्याआड लपलेला असतानाच मरतो. राजा पुतण्याच्या जुन्या मित्रांनाच हेर करतो. पुतण्या राजाचा चेहरा वाचायला बसतो. कॅमेऱ्याचं कामच मुळी पाहण्याचं. तेव्हा कोण कुणाकडे पाहतंय, हे दिग्दर्शकाने प्रत्येक प्रसंगात नेमकं ठरवलं, तर हे नाटक पडद्याला सहज मानवतं. हे ठरवतात कसं, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

सुरुवात कात्रीने होते. मूळ संहिता सुमारे 4000 ओळींची आहे. एकही ओळ न गाळता केली तर चार तास लागतात. केनेथ ब्रानाने 1996 साली तसा चित्रपट केलाही. टीव्हीला एवढा वेळ सहसा मिळत नाही. मग काय जातं? बहुतेक वेळा पहिला बळी पडतो तो फोर्टिन्ब्रास, शेजारच्या नॉर्वेचा राजपुत्र. सगळी मंडळी मेल्यावर तो सैन्यासह येतो आणि रिकाम्या सिंहासनावर हक्क सांगतो. लॉरेन्स ऑलिव्हिएने 1948च्या चित्रपटात त्याला पार वगळलं. असं केलं की नाटक एका घराची गोष्ट होतं. राज्याचं पुढे काय झालं, हा प्रश्न उरत नाही.

वडोदऱ्याच्या वाचकाला मात्र ही काटछाट खटकावी. 1863 साली इथले संस्थानिक खंडेराव महाराज यांच्या जिवावर उठल्याच्या आरोपावरून त्यांचे धाकटे बंधू मल्हारराव पादरा इथे कैदेत पडले. 1870 साली खंडेराव वारले आणि तेच मल्हारराव गादीवर आले. खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाई तेव्हा गरोदर होत्या. मुलगा झाला असता तर गादी त्याची झाली असती, पण मुलगी झाली. नोव्हेंबर 1874 मध्ये ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात विष कालवल्याचं प्रकरण उद्‌भवलं. आरोप मल्हाररावांवर आला आणि सहा जणांचा आयोग बसला. तीन युरोपीय सभासदांना आरोप सिद्ध वाटला, तीन भारतीय सभासदांना वाटला नाही. तरीही एप्रिल 1875 मध्ये सरकारने गैरकारभाराचं कारण देऊन मल्हाररावांना पदच्युत केलं. भाऊ, गादी, विष, विधवा राणी हे सगळं इथल्या इतिहासात आहे. आणि मग नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा एक बारा वर्षांचा मुलगा दत्तक येऊन गादीवर बसला. आपण ज्याला सयाजीरावांचा वडोदरा म्हणतो, तो या नाटकाच्या हिशेबाने फोर्टिन्ब्रासच्या प्रवेशानंतरचा भाग आहे. ज्या गावाला तो भागच मुख्य वाटतो, तिथे बसून हॅम्लेट पाहताना शेवटच्या त्या ओळींवरची कात्री लागते.

कात्री चालवण्याचं काम भाषांतरकारही करत असतो, आणि मराठीत ते फार लवकर झालं. गोपाळ गणेश आगरकरांचं 'विकारविलसित' 1883 साली आलं. त्याआधीच्या वर्षी कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यात आगरकर आणि टिळक डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस होते, आणि हॅम्लेटच्या भाषांतराचं काम आगरकरांनी त्या तुरुंगात केलं. खटला कशावरून होता? कोल्हापूरचे तरुण छत्रपती शिवाजीराव वेडे आहेत असं सांगून त्यांना बंदोबस्तात ठेवलं होतं, आणि राजाला वेडं ठरवून छळलं जातंय असा त्यांच्या 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांचा आरोप होता. राजपुत्र खरोखर वेडा की त्याला वेडा म्हणण्यात कुणाचा तरी फायदा, या प्रश्नापायी ज्याला तुरुंगवास घडला, तोच माणूस कोठडीत बसून हॅम्लेट मराठीत आणत होता. या योगाबद्दल मराठीत आणखी लिहिलं जायला हवं. त्यांचा हॅम्लेट म्हणजे चंद्रसेन. शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या गणपतराव जोशींनी तो असा काही गाजवला की त्यांच्या नावाशी ही भूमिका कायमची जोडली गेली.

पुढे नाना जोगांनी नव्याने भाषांतर केलं, आणि 2018 साली चंद्रकांत कुलकर्णींनी त्याच भाषांतरावरून नाटक बसवलं. सुमीत राघवन हॅम्लेट झाले. त्या प्रयोगाच्या पाठीशी झी मराठी ही वाहिनी होती. म्हणजे आपल्याकडे टीव्हीने हॅम्लेट पडद्यावर आणण्याऐवजी टीव्हीच्या पाठबळाने ते रंगमंचावर आलं. त्याबद्दल आनंदच आहे, पण पडद्यासाठी वेगळा रचलेला मराठी हॅम्लेट अजून व्हायचा आहे असं मी म्हणेन.

संहिता हातात आली की प्रश्न येतो, चित्रण कसं करायचं. ढोबळमानाने तीन रस्ते आहेत. पहिला म्हणजे रंगमंचावरचा प्रयोग जसा आहे तसा टिपणं. सोहराब मोदींनी 1935 साली 'खून का खून' केला तो असाच, पारशी रंगभूमीवरच्या त्यांच्या हॅम्लेटवरून; हॅम्लेटची प्रेयसी ओफेलिया हिच्या भूमिकेत नसीम बानू होत्या. 1964 मध्ये रिचर्ड बर्टनचा न्यूयॉर्कचा प्रयोगही नाट्यगृहातच टिपून चित्रपटगृहांत दाखवला गेला. असं चित्रण दस्तऐवज म्हणून मोलाचं असतं. पण शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावा म्हणून मोठा केलेला हावभाव जवळून अंगावर येतो, आणि घरच्या प्रेक्षकाला सतत वाटत राहतं, की आपण दुसऱ्या कुणासाठी चाललेलं नाटक बाजूने पाहतोय.

दुसरा रस्ता स्टुडिओचा. तीन-चार कॅमेरे एकाच वेळी चालू, दिग्दर्शक पॅनलवर बसून यावर जा, त्यावर जा असं सांगतो, आणि प्रसंग सलग होतो. मराठी मालिका पाहणाऱ्याला ही शैली डोळ्यांनी ओळखता येते: दोघे बोलतायत, एक कॅमेरा याच्यावर, एक तिच्यावर, एक दोघांना मिळून. बीबीसीने 1980 साली डेरेक जेकबीला घेऊन केलेला हॅम्लेट या पद्धतीचा. नेपथ्य जवळजवळ रिकामं, सगळा भार बोलण्यावर. यात नटाला सलग खेळायला मिळतं, हा मोठा फायदा. तोटा असा की प्रकाश सगळ्याच कॅमेऱ्यांना चालेल असा ठेवावा लागतो, त्यामुळे तो सपाट होतो. आणि मध्यरात्रीच्या तटबंदीवरचं भूत सपाट उजेडात भीती घालत नाही.

तिसरा रस्ता एकाच कॅमेऱ्याचा. एक कोन, एक तुकडा, मग दिवे हलवायचे, मग दुसरा कोन. प्रत्येक तुकड्याला हवा तसा अंधार मिळतो. ग्रेगरी डोरनने 2009 साली डेव्हिड टेनंटला घेऊन हेच केलं. हे नाटक आधी रॉयल शेक्सपिअर कंपनीने 2008 मध्ये स्ट्रॅटफर्डला बसवलं होतं. टीव्हीसाठी ते उत्तर लंडनमधल्या मिल हिल इथल्या एका जुन्या, वापरात नसलेल्या ख्रिस्ती मठशाळेत नेलं आणि डिसेंबर 2009 मध्ये बीबीसीने दाखवलं. नट तेच आणि पाठांतर पक्कं, त्यामुळे काही आठवड्यांत चित्रण उरकता आलं. रंगमंचावरची आरशासारखी चकाकणारी काळी जमीन तिथेही ठेवली. राजवाड्यात सीसीटीव्हीचे कॅमेरे आले, आणि अधूनमधून आपण पाहतो ते दृश्य त्यांच्याच नजरेतून, वरून, भुऱ्या रंगात. हॅम्लेटला एकटं बोलायचं असतं तेव्हा तो आधी भिंतीवरचा कॅमेरा उपटून टाकतो आणि मग तोंड उघडतो. नाटकात पाळत आहे हे सांगायला एक वाक्य वाढवावं लागलं नाही.

आता सगळ्यात अवघड प्रसंगाकडे येऊ, नाटकातल्या नाटकाकडे. भूत खरं बोललं का, याची हॅम्लेटला खात्री नाही. म्हणून तो नटमंडळीकडून राजापुढे तशाच खुनाचं नाटक करवतो, आणि राजाच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते पाहायचं ठरवतो. आपला मित्र होरेशिओ यालाही तो राजावर नजर ठेवायला सांगतो. म्हणजे नट राजासाठी खेळतायत, राजा नटांकडे पाहतोय, हॅम्लेट आणि होरेशिओ राजाकडे, ओफेलिया हॅम्लेटकडे, राणी कधी मुलाकडे कधी नवऱ्याकडे. नाट्यगृहात हे सगळं एकदम दिसतं आणि प्रेक्षकाचा डोळा आपापली वाट काढतो. टीव्हीवर एका वेळी एकच चौकट असते.

हा प्रसंग समजा आपल्याला वडोदऱ्याच्या लक्ष्मीविलास पॅलेसच्या दरबार हॉलमध्ये टिपायचा आहे. जागा या कामासाठीच बांधली आहे असं वाटावं इतकी योग्य आहे. मध्ये खांब नाही, खाली व्हेनिसच्या कारागिरांची मोझॅक जमीन, आणि वर लाकडी झरोके, जिथून राजघराण्यातल्या स्त्रिया दरबार पाहत. चार्ल्स मँटने आराखडा केलेला हा राजवाडा 1890 साली पुरा झाला. पाहणाऱ्याला पाहता यावं आणि दिसू नये, ही सोय त्यात मुळातच आहे.

राजाराणी एका टोकाला बसवू. नट हॉलच्या मध्यावर. हॅम्लेट खाली जमिनीवर, ओफेलियाच्या पायाशी, कारण संहितेतच तो तिथे लवंडतो. होरेशिओ वर झरोक्यात. पहिलं चित्रण करायचं ते झरोक्यातून खाली, संपूर्ण हॉलचं. हा झाला मास्टर शॉट. प्रेक्षकाला कोण कुठे आहे हे यात एकदा कळलं की पुढे जवळचे तुकडे जोडताना तो हरवत नाही. मग राजा आणि नट यांच्यामध्ये मनात एक रेघ आखायची आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा. रेघ ओलांडली की पडद्यावर राजा डावीकडे बघत असलेला अचानक उजवीकडे बघू लागतो, आणि तो नटांकडे पाहतोय की त्यांच्याकडे पाठ फिरवून बसलाय तेच कळेनासं होतं. एवढ्या नजरांच्या प्रसंगात अशी चूक झाली तर गोष्टच तुटते.

मग येतो खरा निर्णय. विष ओतलं जात असताना पडद्यावर काय ठेवायचं? नवखा दिग्दर्शक विषाची कुपी दाखवील, कारण घटना तिथे घडतेय. पण विष कानात गेलं हे प्रेक्षकाला भुताने आधीच सांगितलंय. त्याला हवाय राजाचा चेहरा, आणि राजाचा चेहरा लगेच देऊन टाकला तर हॅम्लेटची धडपड दिसत नाही. माझ्या मते क्रम असा असावा: कुपी उघडणारा हात, मग हॅम्लेटचे डोळे, मग त्या डोळ्यांना दिसणारा राजा, तोही लांबून, अर्धवट, मध्ये एखाद्या दरबाऱ्याचं डोकं आडवं येतंय असा. प्रेक्षकाने मान उंचावली पाहिजे. त्यानंतरच राजा जवळून दाखवायचा, आणि तोपर्यंत त्याने स्वतःला सावरलेलं असावं.

डोरनच्या हॅम्लेटमध्ये इथे टेनंट हातात एक छोटा घरगुती कॅमेरा घेऊन राजाचंच चित्रण करत बसतो. पाळत ठेवणाऱ्यांच्या घरात त्याने त्यांचंच हत्यार उचललं. आणि राजा क्लॉडियस झालेला पॅट्रिक स्ट्यूअर्ट ओरडत सुटत नाही. तो उठतो, शांतपणे उजेड मागतो आणि पुतण्यासमोर येतो. रंगमंचावर वर्षानुवर्षं या जागी राजा कोलमडत आला आहे. इथे तो कोलमडत नाही, त्यामुळे पुराव्याचं काय झालं हा पेच हॅम्लेटइतकाच आपल्यालाही पडतो. याच स्ट्यूअर्टने 1980च्या बीबीसी हॅम्लेटमध्येही क्लॉडियस केला होता. दोन्ही लागोपाठ पाहणाऱ्याला स्टुडिओचा आणि एका कॅमेऱ्याचा फरक एकाच नटाच्या चेहऱ्यावर शिकता येतो.

स्वगतांचा प्रश्न याहून साधा, पण नटाची कसोटी पाहणारा. ऑलिव्हिएने बरंचसं स्वगत तोंड मिटून, फक्त आवाजातून ऐकवलं. जेकबी थेट लेन्समध्ये पाहून बोलतो. लेन्समध्ये पाहिलं की घरात बसलेला एकटा माणूस हॅम्लेटचा विश्वासू होतो. हजारांच्या नाट्यगृहात हे जमत नाही. अडचण आवाजाची. गणपतरावांच्या काळी ध्वनिक्षेपक नव्हता. स्वगत म्हणजे मनातलं बोलणं, आणि ते पिटातल्या शेवटच्या माणसापर्यंत फेकायचं. त्या परंपरेत तयार झालेल्या नटाच्या छातीवर कपड्याआड माईक लावला आणि कॅमेरा हातभर अंतरावर आणला, की त्याला वर्षानुवर्षांची सवय मोडावी लागते. नुसता आवाज कमी करून भागत नाही. आवाज खाली आला की वाक्याच्या शेवटचे शब्द गिळले जातात, आणि क्रियापद शेवटी येणाऱ्या मराठीत ते गिळले तर अर्थच जातो. म्हणून मराठी हॅम्लेट पडद्यासाठी करणाऱ्याने तालमी रंगमंचावर घेऊ नयेत. खोलीत, समोरासमोर बसून घ्याव्यात.

भुताबद्दल थोडक्यात. ते जितकं कमी सजवाल तितकं बरं. धूर आणि निळा झोत यांनी भूत जत्रेतलं होतं. डोरनने भूत आणि क्लॉडियस दोन्ही स्ट्यूअर्टलाच दिले, कारण ते भाऊ आहेत. आणि सुरुवातीला पहारेकऱ्यांना दिसणारं भूत सीसीटीव्हीच्या चित्रात येत नाही, एवढ्याने काम झालं.

शेवटचं द्वंद्व हा हिशेबाचा प्रसंग आहे. दोन तलवारी, त्यातल्या लेआर्टीसच्या तलवारीला धार आणि टोकाला विष. एक विषाचा पेला. राणी तो पेला पिते, हॅम्लेटला जखम होते, झटापटीत तलवारी बदलतात, लेआर्टीसही त्याच विषारी तलवारीने जखमी होतो, राणी कोसळते, भांडं फुटतं, राजा मरतो. यातली एक कडी जरी प्रेक्षकाच्या नजरेतून सुटली तरी कोण कशाने मेलं ते कळत नाही. रंगमंचावर तलवारींची अदलाबदल हमखास हरवते. टीव्हीवर ती एका छोट्या तुकड्याने सांगता येते: जमिनीवर पडलेली तलवार, तिच्यावर पडलेला दुसऱ्याच माणसाचा हात.

चित्रण करताना आधी पूर्ण झुंज लांबून दोन-तीनदा घेतात, कारण नट दमल्यावर पायाची चूक होते आणि चूक म्हणजे इजा. मग जवळचे तुकडे. इथे कंटिन्युइटी सांभाळणाऱ्या सहायकाची खरी परीक्षा असते. घामाने कपाळावर चिकटलेले केस, बाहीवरचा रक्ताचा डाग किती मोठा, पेल्यात पेय किती उरलं, राणीने तो उजव्या हाताने उचलला की डाव्या. लांबच्या चित्रणात पेला अर्धा असेल आणि दोन तासांनी घेतलेल्या क्लोज-अपमध्ये काठोकाठ भरलेला, तर प्रेक्षक राणीचं मरण विसरून पेल्याकडे पाहू लागतो.

राजाच्या मरणापाशी प्रत्येक दिग्दर्शकाला आपलं मत द्यावंच लागतं. संहितेत हॅम्लेट त्याला विषारी तलवारीने जखमी करतो आणि उरलेलं विष प्यायला लावतो. बहुतेक प्रयोगांत पेला जबरदस्तीने तोंडाला लावला जातो. डोरनच्या हॅम्लेटमध्ये पेला पुढे येतो, स्ट्यूअर्टचा क्लॉडियस त्याच्याकडे पाहतो, किंचित खांदे उडवतो आणि स्वतःच पितो. तीन तास ज्या सूडाची वाट पाहिली, तो शेवटी घेतला कुणी, हा प्रश्न त्या खांद्यांनी उभा केला. असा क्षण टिपायचा तर चौकट छातीच्या खालपर्यंत हवी. इथे कुणी सवयीने नुसत्या चेहऱ्याचा क्लोज-अप लावला, तर खांदे चौकटीबाहेर राहतात आणि राजा निव्वळ घाबरून प्यायला असं दिसतं.